शब्द कळले, मजकूर कळला का?

आधी हा परिच्छेद वाचा. सावकाश वाचा, कारण पुढे त्याच्याकडे पुन्हा पुन्हा यायचं आहे.

‘बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात. पाणीही आकसतं, पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याहून थंड झालं की ते उलट प्रसरण पावू लागतं आणि गोठताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे बर्फ पाण्यावर तरंगतो. थंड प्रदेशांतली तळी म्हणूनच तळातून न गोठता वरून गोठतात आणि बर्फाच्या थराखाली मासे हिवाळाभर जगू शकतात.’

पाचच वाक्यं. एकही शब्द अडणारा नाही. समजलं का, असं विचारलं तर बहुतेक जण लगेच हो म्हणतील. मग पुढचा प्रश्न विचारावा: आकारमान वाढलं तर बर्फ तरंगायला का लागतो? इथे बरेच जण थबकतात. लेखकाने ‘त्यामुळे’ असं लिहून टाकलं आहे, पण त्या ‘त्यामुळे’च्या आधीची एक पायरी लिहिलेलीच नाही. पाणी तेवढंच राहिलं आणि त्याने जागा मात्र जास्त व्यापली. म्हणजे एक वाटीभर बर्फात एक वाटीभर पाण्यापेक्षा कमी वजन मावतं. म्हणजे बर्फ पाण्याहून हलका झाला. म्हणून तो तरंगतो. ही मधली पायरी वाचकाने स्वतः घालायची असते.

माहितीपर मजकुराबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. अशा मजकुरात लेखक सगळं कधीच लिहीत नाही, लिहू शकतही नाही. तो काही टप्पे मांडतो आणि त्यांच्यामधलं अंतर वाचकाने भरून काढावं अशी अपेक्षा ठेवतो. ते अंतर भरणं म्हणजे समजणं. नुसती नजर ओळींवरून फिरली तर शब्द कळतात, मजकूर कळत नाही.

माहितीपर मजकूर म्हणजे फक्त पाठ्यपुस्तक असं समजायचं कारण नाही. बातमी, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली पत्रिका, विम्याच्या अटी, यंत्राची माहितीपुस्तिका, तपासणीचा अहवाल, परीक्षेची सूचना, एखाद्या निर्णयाचं परिपत्रक हे सगळं त्यात येतं. गोष्ट वाचताना ‘पुढे काय झालं’ ही उत्सुकता आपल्याला ओढून नेते आणि घटनांचा क्रम आपोआप लक्षात राहतो. माहितीत तशी ओढ नसते. तिथे मुद्दे काळाच्या क्रमाने येतीलच असं नाही. ते कारणाने, तुलनेने किंवा वर्गवारीने एकमेकांना जोडलेले असतात. ती जोडणी दिसली नाही तर हातात सुटे तपशील राहतात, आणि सुटे तपशील दोन दिवसांत निसटतात.

आधीपासून काय माहीत आहे

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं-शब्द ओळखण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. देवनागरी वाचता येणारा माणूस संस्कृतमधला ग्रंथ अडखळत का होईना मोठ्याने वाचून दाखवू शकतो, पण संस्कृत येत नसेल तर त्याला त्यातलं काही कळणार नाही. इथवर कुणालाही पटेल. गंमत पुढे आहे. भाषा पक्की येत असूनही मजकूर कळत नाही, असंही होतं.

याचा एक सुंदर प्रयोग डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेत केला. तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सातवी-आठवीची ६४ मुलं घेतली. काही वाचनात तरबेज, काही कच्ची. आणि दोन्ही गटांत काहींना बेसबॉलची चांगली माहिती, काहींना जवळजवळ नाही. सगळ्यांना बेसबॉलच्या सामन्यातल्या एका डावाच्या भागाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर खेळाडूंच्या बाहुल्या हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्च्या पण खेळ जाणणाऱ्या मुलांनी, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांना बरंच मागे टाकलं. क्रिकेट न पाहिलेल्या माणसाला ‘शेवटच्या षटकात रात्ररक्षक टिकून राहिला’ हे वाक्य द्या. शब्द सगळे मराठी आहेत, पण त्याच्यापुढे काहीही उभं राहणार नाही.

त्यामुळे एखादा मजकूर डोक्यावरून गेला की ‘आपलं वाचन कच्चं आहे’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. बऱ्याचदा आपल्याकडे त्या विषयाची पायाभूत माहिती नसते, इतकंच. त्यावर उपाय तोच मजकूर पाच वेळा वाचणं हा नसतो. त्या विषयावरचं काहीतरी सोपं, अगदी लहान मुलांसाठी लिहिलेलंही चालेल, आधी वाचावं आणि मग मूळ मजकुराकडे परत यावं. यात कमीपणा अजिबात नाही. नव्या विषयात शिरण्याची याहून चांगली वाट मला तरी माहीत नाही.

आणि कधी कधी माहिती आपल्याकडे असते, पण मजकूर वाचताना ती जागी झालेली नसते. जॉन ब्रान्सफर्ड आणि मर्सिया जॉन्सन यांचा १९७२ मधला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांना एक परिच्छेद ऐकवला: काम तसं सोपं आहे, आधी वस्तूंचे गट पाडायचे, एका वेळी फार जास्त करू नये, चूक महागात पडू शकते, अशा धाटणीचा. ऐकणाऱ्यांना काही उमगेना. मात्र ज्यांना आधीच ‘हे कपडे धुण्याबद्दल आहे’ असं सांगितलं होतं, त्यांना तो लख्ख समजला आणि लक्षातही जास्त राहिला. ज्यांना विषय नंतर सांगितला, त्यांना त्याचा काही फायदा झाला नाही. कपडे धुणं सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण ते ज्ञान वेळेवर उघडलं गेलं नाही.

म्हणून शीर्षक, उपशीर्षकं, ठळक शब्द, चित्रांखालच्या ओळी यांच्यावरून आधी एकदा नजर फिरवणं हा वेळेचा अपव्यय नसतो. दोन मिनिटं थांबून ‘याबद्दल मला काय माहीत आहे?’ असं स्वतःला विचारलं की पुढचा मजकूर रिकाम्या जागेत पडत नाही. त्याला टेकायला काहीतरी असतं.

विषय आणि मुद्दा

विषय आणि मुख्य मुद्दा यांत गल्लत फार होते. आपल्या परिच्छेदाचा विषय काय? पाणी, किंवा पाण्याचं गोठणं. एक-दोन शब्दांत उत्तर येतं. मुद्दा मात्र नेहमी पूर्ण वाक्यात सांगावा लागतो, कारण मुद्दा म्हणजे विषयाबद्दल केलेलं विधान. ‘हा लेख झोपेबद्दल आहे’ हा विषय झाला. ‘झोप अपुरी झाली की दिवसा शिकलेलं नीट पक्कं होत नाही’ हा मुद्दा. कुणी वाचलेल्या लेखाबद्दल सांगताना फक्त ‘अमुकबद्दल होता’ असं म्हणत असेल, तर मुद्दा हाती लागलेला नाही असं समजायला हरकत नाही.

मग पाण्याच्या परिच्छेदाचा मुद्दा कोणता? ‘बर्फ पाण्यावर तरंगतो’ हे उत्तर पटकन सुचतं. ते तपासायची एक युक्ती आहे: एकेक वाक्य हाताने झाकून पाहावं. तरंगण्याचं वाक्य झाकलं तर साखळीतली एक कडी जाते, पण परिच्छेद त्यासाठी लिहिलेला नाही. ‘९ टक्के’ झाकलं तर फारसं काही बिघडत नाही. तो तपशील आहे. पहिलं आणि शेवटचं वाक्य एकत्र धरलं की मुद्दा वर येतो: पाणी बहुतेक पदार्थांसारखं वागत नाही, आणि त्याच्या या वेगळेपणामुळे गोठलेल्या तळ्यातही जीव तगतात. हे वाक्य परिच्छेदात कुठेही नाही. मुख्य मुद्दा पहिल्या ओळीत लिहिलेला असतो हा शाळेत पाठ झालेला नियम बातम्यांना बऱ्यापैकी लागू पडतो, इतर लिखाणाला फार वेळा पडत नाही. बरेचदा मुद्दा वाचकालाच तयार करावा लागतो.

लहान शब्दांचं मोठं काम

या भागावर मी मुद्दाम जास्त वेळ घालवणार आहे, कारण मराठी मजकूर चुकीचा समजण्याचं मोठं मूळ इथे आहे.

‘पण’, ‘मात्र’, ‘तरीही’, ‘त्यामुळे’, ‘म्हणूनच’, ‘उलट’, ‘अन्यथा’, ‘तथापि’, ‘खेरीज’, ‘वगळता’. आपण मोठे शब्द अडले की थांबतो आणि या लहान शब्दांवरून घसरून जातो. खरं तर मजकुराची दिशा हेच शब्द सांगतात. ‘पण’ आला की लेखक वळतो आहे. आधीचं मान्य करून आता खरं म्हणणं सांगणार आहे. ‘त्यामुळे’ आला की मागे कारण शोधायचं. ‘तथापि’ आला की पुढे अट किंवा मर्यादा येणार हे नक्की, आणि सरकारी किंवा कायद्याच्या कागदात आपल्या कामाची गोष्ट बहुधा त्या ‘तथापि’च्या पुढेच असते.

एका अक्षरानेही अर्थ किती फिरतो ते पाहा. ‘ही गोळी रात्री घ्यावी.’ ‘ही गोळी रात्रीच घ्यावी.’ ‘हीच गोळी रात्री घ्यावी.’ पहिल्यात सूचना आहे, दुसऱ्यात इतर वेळी न घेण्याची ताकीद आहे, तिसऱ्यात दुसरी गोळी घेण्याला मनाई आहे. फरक फक्त एका ‘च’चा आणि त्याच्या जागेचा.

दुसरी गोष्ट मराठी वाक्याच्या रचनेची. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही बहुधा तिथेच येतो. वाक्य लांबलं, वाचणारा घाईत असला, की शेवटचं ‘नाही’ निसटतं आणि अर्थ उलटा होतो. अधिकृत कागदांत तर विशेषणांची माळ लावून सगळं एकाच वाक्यात कोंबलेलं असतं. हे वाक्य पाहा, मी ते नमुन्यासाठी बनवलं आहे:

‘नोंदणी केलेल्या, परंतु विहित मुदतीत शुल्क न भरलेल्या अर्जदारांखेरीज इतरांना पुन्हा अर्ज करण्याची आवश्यकता नाही.’

असं वाक्य मागून उलगडायला घ्यावं. शेवटी काय आहे? ‘आवश्यकता नाही.’ कशाची? पुन्हा अर्ज करण्याची. कुणाला? इतरांना. इतर म्हणजे कोण सोडून? ज्यांनी नोंदणी केली पण मुदतीत पैसे भरले नाहीत, ते सोडून. म्हणजे ज्यांचे पैसे राहिले, त्यांना पुन्हा अर्ज करावा लागणार असं दिसतं. ‘दिसतं’ असं म्हणतो, कारण वाक्याने ते सरळ सांगितलेलंच नाही. ते आपण काढलेलं अनुमान आहे. आणि ज्यांनी नोंदणीच केली नव्हती त्यांचं काय? तेही ‘इतरांत’ येतात, पण ‘पुन्हा’ हा शब्द त्यांना लागू होत नाही, कारण त्यांनी मुळात पहिला अर्जच केलेला नाही. त्यांच्याबद्दल हे वाक्य काहीच बोलत नाही. एवढं कळलं की कार्यालयात जाऊन नेमका कोणता प्रश्न विचारायचा हेही कळतं. असं वाक्य न कळणं हा वाचकाचा दोष नाही, लिहिणाऱ्याचा आहे; पण कागद आपल्या नावाने आलेला असतो, त्यामुळे ते सोडवण्याची विद्या आपल्याजवळ हवी.

मोठ्या मजकुराच्या रचनांचेही काही ठरलेले साचे असतात: कारण आणि परिणाम, तुलना, टप्प्यांचा क्रम, अडचण आणि तिच्यावरचा तोडगा, निव्वळ वर्णन. कोणता साचा आहे हे ओळखलं की पुढे काय येईल याचा अंदाज बांधता येतो; तुलना चालू असेल तर एका बाजूचं झाल्यावर दुसरी बाजू येणारच. यातला एकच धोका सांगतो. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांची अदलाबदल. ‘नियम लागू झाल्यानंतर अपघात कमी झाले’ यात नियमाचा आणि अपघातांचा संबंध लेखकाने सांगितलेला नाही, फक्त क्रम सांगितला आहे. ‘नियमामुळे कमी झाले’ असं वाचत असू, तर ते आपण पदरचं घातलं.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

अनोळखी शब्द आला तर आपण निदान सावध होतो. जास्त फसवतात ते रोजच्या वापरातले शब्द, ज्यांना त्या त्या शास्त्रात वेगळा अर्थ असतो. जड पेटी तासभर हातात धरून उभं राहिलं तरी भौतिकशास्त्राच्या हिशोबाने पेटीवर ‘कार्य’ शून्य झालेलं असतं, कारण पेटी हललेली नाही. विज्ञानातला ‘सिद्धांत’ म्हणजे कुणाचा कयास नसतो. भरपूर पुराव्यांवर उभी असलेली मांडणी असते. संशोधनाच्या बातमीत ‘लक्षणीय फरक आढळला’ असं वाचलं की फरक मोठा असेल असं वाटतं. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच की तो फरक निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता कमी आहे. फरक अगदी चिमूटभरही असू शकतो. कायद्याच्या मजकुरात ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनीही येऊ शकते. म्हणूनच कराराच्या सुरुवातीला व्याख्या दिलेल्या असतात, आणि आपण नेमकं तेच पान उलटून पुढे जातो.

आकडे

आकड्यांपुढे माणूस उगाच दबतो. आकडा दिला की विधान पक्कं वाटायला लागतं. आकड्याला पहिला प्रश्न विचारावा: कशाच्या तुलनेत?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुपटीने वाढतो. दुप्पट, म्हणजे १०० टक्के वाढ. बातमी पसरली, घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. प्रत्यक्षात तो धोका साधारण ७,००० स्त्रियांमध्ये एकीला होता, तो ७,००० मध्ये दोघींना झाला होता. ‘दुप्पट’ खरंच होतं. ‘७,००० मध्ये एकीची भर’ हेही तितकंच खरं. पण पहिलं वाक्य वाचून माणूस एक निर्णय घेतो आणि दुसरं वाचून दुसरा. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपातांची संख्या सुमारे १३,००० ने वाढली असा अंदाज आहे. आणि गर्भारपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. एका वाक्यातला तुलनेचा पाया गाळला गेला की काय होऊ शकतं, याचं इतकं वेदनादायक उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल. तेव्हापासून ‘इतक्या पटीने धोका वाढतो’ किंवा ‘निम्मा होतो’ असं वाचलं की ‘मूळ किती होता?’ हा प्रश्न मी सोडत नाही.

‘महागाईचा दर कमी झाला’ हेही असंच फसवं वाक्य. त्यातून किमती उतरल्या असा अर्थ निघत नाही. किमती अजून चढतच आहेत, फक्त चढण्याचा वेग मंदावला आहे. दर ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर १०० ची वस्तू एका वर्षात १०८ ऐवजी १०५ ला जाते. आणि एखादा दर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला तर तो ‘२ ने वाढला’ असंही म्हणता येतं आणि ‘५० टक्क्यांनी वाढला’ असंही. दोन्ही बरोबर; लिहिणाऱ्याने कोणतं निवडलं आणि का, हे पाहणं आपलं काम.

सरासरीबद्दलही थोडक्यात. नऊ जणांकडे प्रत्येकी १० आणि दहाव्याकडे ९१० असतील तर सरासरी १०० येते, आणि त्या दहांपैकी एकाकडेही १०० च्या आसपास काही नसतं.

आलेखात आधी चित्र पाहू नये, अक्षावरचे आकडे पाहावेत. स्तंभालेख १७८६ मध्ये विल्यम प्लेफेअरने छापला तेव्हापासून त्याची ताकद एकच आहे: डोळ्याला उंची लगेच कळते. तीच त्याची कमजोरीही आहे. उभा अक्ष शून्याऐवजी ९५ पासून सुरू केला तर ९८ चा स्तंभ ९६ च्या स्तंभाच्या तिप्पट उंच दिसतो. आकडे खोटे नसतात, पण मनावर उमटलेला ठसा खोटा असतो.

किती खात्रीने म्हटलं आहे, आणि कधी

पुन्हा तळ्याकडे येऊ. शेवटचं वाक्य मासे ‘जगू शकतात’ असं म्हणतं; ‘जगतात’ असं म्हणत नाही. बर्फावर हिमाचा जाड थर साचून उजेड अडला, तर पाण्यातल्या वनस्पतींकडून होणारा प्राणवायूचा पुरवठा थांबतो. उथळ तळ्यांमध्ये त्यामुळे हिवाळ्यात मासे मरतातही. लेखकाने ‘शकतात’ लिहून त्याला जागा ठेवली आहे. ‘बहुतेक पदार्थ’ आणि ‘सुमारे ९ टक्के’ हेही तसेच. जबाबदार लेखक असे शब्द हिशोबाने टाकतो. ते गाळून वाचलं तर लेखकाने न केलेला दावा आपण त्याच्या तोंडी घालतो, आणि दुसऱ्याला सांगताना तोच पुढे ढकलतो. ‘असं मानलं जातं’, ‘तज्ज्ञांच्या मते’ ही मात्र निराळी जात. कोण मानतं, कोणते तज्ज्ञ, हे जवळपास सांगितलेलं नसेल तर त्या वाक्याला कुणी वाली नाही असं समजावं.

मजकूर कधी लिहिला आहे तेही पाहावं. २००६ च्या आधी छापलेल्या खगोलशास्त्राच्या पुस्तकात सूर्यमालेत नऊ ग्रह सापडतील. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रह झाला. जुनं पुस्तक चूक नव्हतं. ते त्याच्या तारखेला बरोबर होतं.

लिहिणारा कोण आहे, हे तपासण्याबाबत एक निरीक्षण फार उपयोगी आहे. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी इतिहासाचे १० अभ्यासक, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे २५ विद्यार्थी यांना इंटरनेटवरची माहिती पारखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी बऱ्याचदा त्याच संकेतस्थळावर थांबून ते बारकाईने वाचत बसले. नाव, मांडणी, दिमाखदार बोधचिन्ह यांनी फसलेही. तथ्यतपासनीस काही क्षणांतच तिथून बाहेर पडले, नवी पानं उघडून त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं आणि मग परत आले. ते कमी वाचून जास्त अचूक ठरले. बारकाईने वाचणं हा गुण आहेच. पण कुठे बारकाईने वाचायचं हे आधी ठरवावं लागतं.

समजल्याचा भास

लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की कपड्यांची चेन (झिप), कुलूप, शिवणयंत्र अशा वस्तू कशा चालतात हे आपल्याला कळतं, असं लोकांना ठामपणे वाटतं. मग त्यांना पायरी-पायरीने लिहून समजवायला सांगितलं की त्यांचा स्वतःच्याच समजेवरचा विश्वास खाली येतो. मजकुराचंही हेच होतं. दुसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि ओळख ही समज वाटू लागते. रंगीत पेनाने ओळी रंगवणं तर हा भास आणखी वाढवतं. रंग कागदावर चढतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना शास्त्रीय विषयांवरचे छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि मग न पाहता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटलं: लिहून काढणाऱ्यांना उताऱ्याचा ५६ टक्के भाग आठवत होता, दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

म्हणजे पान मिटवायचं आणि स्वतःच्या शब्दांत सांगायचं. लेखकाचेच शब्द ओठांवर येत असतील तर अजून काम बाकी आहे. वॉल्टर किंट्श या मानसशास्त्रज्ञाने वाचकाच्या मनात मजकुराचे थर कसे बसतात ते मांडलं आहे: वरचा थर शब्दांचा, तो लवकर पुसतो, त्याखाली वाक्यांतल्या विधानांचा, आणि सर्वांत खोल थर त्या विधानांवरून मनात उभ्या राहिलेल्या परिस्थितीचा, ज्यात आपलं आधीचं ज्ञानही मिसळलेलं असतं. तिथवर पोहोचलेला वाचक मजकुरात नसलेल्या प्रश्नांचीही उत्तरं देऊ शकतो.

ते आता करून पाहता येईल. वर न बघता सांगा: हिवाळ्यात तळ्याच्या पृष्ठभागावर बर्फ धरला आहे, त्या तळ्याच्या तळाशी पाण्याचं तापमान साधारण किती असेल?

पाचांपैकी कोणत्याही वाक्यात हे दिलेलं नाही. पण पाणी ४ अंशांपर्यंत आकसतं, म्हणजे ४ अंशांवर ते सर्वांत दाट आणि जड असतं, आणि जड पाणी खाली बसतं. त्याहून थंड झालेलं पाणी पुन्हा फुगतं, हलकं होतं, वरच राहतं आणि तिथेच गोठतं. ‘म्हणूनच तळी वरून गोठतात’ यातला ‘म्हणूनच’ नुसत्या तरंगणाऱ्या बर्फाचा नव्हता, त्या ४ अंशांचाही होता. पुरेशा खोल तळ्यात, वर बर्फ असताना, तळाशी ४ अंशांच्या आसपासचं पाणी असतं, आणि बरेच मासे हिवाळा तिथेच काढतात.